लक्ष्मीबाईंचे स्त्रीधन

पलूसकडील गावांत घरातील वडीलधारी स्त्री निवर्तली म्हणजे सांत्वनास येणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य हटकून निघते : माउलीने खस्ता खाऊन घर उभे केले. वाक्य खोटे नसते. परंतु त्या घरास माउलीचे काय लागले, किती लागले, आणि अखेरीस ते कोणाच्या नावे राहिले, असा प्रश्न कोणी करीत नाही. जो व्यापारी सायंकाळी दोन रुपयांची तूट सापडेपर्यंत दुकानाची फळी लावीत नाही, तोही आपल्या मातोश्रींच्या आयुष्याची खतावणी कधी मांडीत नाही. अशी खतावणी निदान अंशतः मांडता येईल असे एक आयुष्य याच मुलखाशी निगडित आहे. ते रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई यांचे होय.

पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी आमच्या वाचकांस परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या ओसाड माळावर तेथे कारखाना थाटला. तेथे तयार होणारे लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरविण्यास गावोगाव हिंडणारी माणसे लागत. भाऊराव त्यांपैकी एक होते. त्यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे झाला. मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. नांगर विकीत फिरणाऱ्या मनुष्यास शेतकऱ्याचे अज्ञान जितके जवळून दिसते, तितके व्यासपीठावरून बोलणाऱ्यास दिसत नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले व तेथे सर्व जातींच्या मुलांकरिता एकत्र वसतिगृह सुरू झाले. त्यास 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते देण्यात आले.

हा इतिहास शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु वसतिगृह म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करावा. नामकरणाचा समारंभ एक दिवसाचा असतो. भाकऱ्या मात्र रोज दोन वेळा लागतात. खेड्यातून आलेले पोर रात्री तापाने फणफणते, आईच्या आठवणीने रडते, आंघोळीस कंटाळते. या सगळ्याचा भार लक्ष्मीबाईंवर आला. पोटच्या मुलांबरोबर महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशा कितीतरी घरच्या मुलांची आई होणे त्यांच्या वाट्यास आले. एवढे मोठे कुटुंब सांभाळावयाचे अशी कल्पना विवाहसमयी त्यांस कोणी दिली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. लक्ष्मीबाई सुखवस्तू जैन घराण्यातून आलेल्या होत्या, व सोवळेओवळे हा त्यांच्या लहानपणापासूनचा आचार होता. अस्पृश्यतेविरुद्ध सभेत ठराव मांडणे पुरुषास तुलनेने सोपे असते. ठराव हात वर करून पसार होतो. जातिभेदाचा शेवटचा बुरूज स्वयंपाकघरात असतो, आणि त्याची किल्ली स्त्रीच्या हाती असते. बाहेर सुधारक म्हणून मिरविणारे कित्येक गृहस्थ घराच्या उंबऱ्याशी येऊन थबकले, याची उदाहरणे महाराष्ट्रास नवी नाहीत. लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशी झगडून तो बुरूज आतून उघडला, आणि ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानण्याची शिकवण मिळालेली होती, त्या मुलांस स्वतःच्या हाताने वाढले. हे परिवर्तन एका रात्रीत झाले नसणार. पण संस्कार बदलण्यास जे मनोधैर्य लागते, त्याची गणना आपण पराक्रमात का करीत नाही?

आता सोन्याकडे वळू. वसतिगृहाचा खर्च वर्गणीवर व लोकांनी दिलेल्या धान्यावर चाले, आणि वर्गणीचा पाऊस बेभरवशाचा. कोठीत दाणा नाही व पंगतीस मुले बसलेली, असा प्रसंग आला की लक्ष्मीबाईंच्या अंगावरील एकेक दागिना मोडीत निघे. शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या अन्नाकरिता विकले गेले. सधवेने मंगळसूत्र उतरविणे म्हणजे अपशकुनास आमंत्रण, अशी समजूत ज्या समाजात पक्की होती, त्या समाजात त्यांनी हे केले.

हे सोने कोणाचे होते? आमच्या धर्मशास्त्राने विवाहात स्त्रीस मिळालेले अलंकार हे तिचे स्त्रीधन मानले. दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा बंदिवास अशा आपत्तीतच पतीने त्यास हात लावावा, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. ज्या काळी स्त्रीच्या नावे जमीन क्वचितच असे आणि पगार ही वस्तू तिने पाहिलेली नसे, त्या काळी हेच तिचे सारे भांडवल, आजारपणातला आधार व वैधव्यातली शिदोरी. लक्ष्मीबाईंनी ते सगळे परक्यांच्या मुलांवर लावले. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलावयाचे, तर रयतेच्या या पेढीत पहिल्या भागधारकांपैकी त्या एक होत्या. मात्र भागाचा कागद त्यांच्या हाती कोणी दिला नाही, व त्यांनीही तो मागितला नाही.

१९३० साली त्या वारल्या. १९३५ साली साताऱ्यास निघालेले अध्यापक विद्यालय, १९४० चे महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ चे छत्रपती शिवाजी कॉलेज, यांपैकी काहीच त्यांनी पाहिले नाही. भाऊराव त्यांच्यामागे एकोणतीस वर्षे जगले व १९५९ साली निवर्तले. आज संस्थेच्या शाखा सातशेहून अधिक आहेत.

यावर कोणी म्हणेल की, ही तर पतिव्रतेची थोर कथा; ऐकावी व हात जोडावेत. आम्ही येथेच अडतो. हात जोडले की हिशेब मिटला, असे आपल्याकडे फार दिवस चालत आले आहे. साताऱ्याच्या पेठेत तिजोऱ्या होत्या, जिल्ह्यात इनामदार व सावकार होते. असे असता मुलांच्या भाकरीकरिता एका स्त्रीच्या गळ्यातील सूत्र मोडावे लागले, ही गोष्ट तिच्या कीर्तीची आहे तितकीच समाजाच्या लाजेची आहे. त्यागाची स्तुती करताना तो कोणाच्या कंजूषपणामुळे करावा लागला, हे विसरून चालणार नाही. विसरलो, तर पुढच्या प्रत्येक स्त्रीकडून आपण तसाच त्याग गृहीत धरू.

कायद्याने आपल्या परीने पाऊल टाकले आहे. १९३७ च्या कायद्याने हिंदु विधवेस पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्क दिला. १९५६ च्या वारसा कायद्याने स्त्रीस आपल्या मालमत्तेची पूर्ण धनीण केले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली व साऱ्या देशाने २००५ साली मान्य केला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम काढून पत्नीच्या नावे जमीन करण्यास शेतकऱ्यांस प्रवृत्त केले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिण्याचा नियमही राज्यात झाला आहे.

परंतु कायदा उंबऱ्यापर्यंत येतो. आत त्यास घरच्यांनी घ्यावे लागते. आजही बाप वारल्यावर बहिणींना तालुक्याच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, आणि सही न देणारीचे माहेर तुटते. द्राक्षबागेत पहाटेपासून राबणारीचे नाव सातबाऱ्यावर शोधले तर अनेकदा सापडत नाही. तीच स्त्री वारली म्हणजे 'माउलीने घर उभे केले' हे वाक्य मात्र बिनचूक उच्चारले जाते.

म्हणून आमच्या वाचकांस विनंती एवढीच. लक्ष्मीबाईंची तसबीर भिंतीवर जरूर लावावी. पण त्याच दिवशी घरातील उतारा, घरपट्टीची पावती व दुकानाचा भागीदारीपत्रक काढून त्यांत आईचे, पत्नीचे, बहिणीचे नाव आहे की नाही ते पाहावे. नसेल, तर ती हयात असतानाच घालावे.