आधी खुर्ची, मग शेगडी

थंडीच्या दिवसांत पालघरजवळच्या माहीम-केळव्याच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी सुरूच्या सावलीत चटया अंथरल्या जातात. पूर्वी जेवणाचे डबे घरून भरून येत. आता काही कुटुंबे गाडीतून लहान गॅसची टाकी आणि ग्रिलची शेगडीही आणतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखल्यापासून चाकांवरच्या घरातून भटकण्याची कल्पनाही आपल्याकडे रुजू लागली आहे. बिछाना, शौचालय आणि औषधांची पेटी हाताशी असल्यावर वडीलधाऱ्यांना घरी ठेवून जाण्याचे कारण उरत नाही. मात्र त्यांना सोबत न्यायचे, तर शेगडीची मांडणीही त्यांचा विचार करूनच व्हायला हवी.

गेल्या हिवाळ्यात माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई माहीमच्या किनाऱ्यावर शेगडीशेजारी बसली होती. वाऱ्याने ज्योत विझली. बटण मात्र चालूच राहिले. पाणी प्यायला धावत आलेल्या नातवाला जवळ येताच गॅसचा वास आला. आम्ही टाकी बंद केली, तेव्हा आई एवढेच म्हणाली, “मला काही कळलंच नाही गं.” अनर्थ टळला, पण ते वाक्य मनातून गेले नाही.

वास सर्वांना येत नाही

आपला स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. थंड देशांत कॅरॅव्हॅनसाठी प्रामुख्याने प्रोपेन वापरतात, कारण कडाक्याच्या थंडीत ब्युटेनची वाफ होत नाही. या वायूंना स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. परंतु वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते. सर्दी आणि काही औषधे यांमुळे ती आणखी क्षीण होते. म्हणून ‘वास आला तर कळेलच’ हा भरवसा वृद्धांच्या बाबतीत अपुरा ठरतो.

हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरतो व खोलगट जागी साचतो. वारा अडवण्यासाठी वाळूत खड्डा करून त्यात टाकी किंवा शेगडी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. टाकी नेहमी उभी आणि सपाट, घट्ट जागेवरच असावी.

जागेची निवड

प्रथम घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीची खुर्ची मांडावी आणि नंतर तिच्या सोयीने शेगडीची जागा ठरवावी. किनाऱ्यावर दुपारी वारा बहुधा समुद्राकडून येतो. तेव्हा खुर्ची समुद्राच्या बाजूला असावी. रात्री वारा मंदावून जमिनीकडून वाहू लागतो, म्हणून सायंकाळनंतर खुर्ची हलवावी. दमा किंवा फुप्फुसाचा जुनाट विकार असलेल्यांना धुराचा एवढा फरकही पुष्कळ वाटतो. ऑक्सिजन सुरू असलेली व्यक्ती ज्योतीपासून किमान ३ मीटर दूर असावी. गाडी आणि शेगडी यांमध्ये १० फुटांचे अंतर राखावे व धूर दारा-खिडक्यांकडे जाऊ देऊ नये. सुरूखाली वाळलेल्या पानांचा थर असतो, तिथे शेगडी नको. किनाऱ्यावर विस्तव पेटवण्यास परवानगी आहे का, हे स्थानिक ग्रामपंचायतीकडे आधीच विचारून घ्यावे.

पेटवण्यापूर्वी

रेल्वेने केळवे रोड वा पालघरला येणाऱ्यांनी गॅसची टाकी आणूच नये. गाडीत ती नेण्यास मनाई आहे. स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांनी अधिकृत विक्रेत्याकडील ५ किलोची लहान टाकी घ्यावी. टाकीच्या कड्याखालील पट्टीवर तपासणीची मुदत अक्षर व वर्ष या रूपात असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे सी आणि डी. मुदत उलटलेली टाकी परत करावी. परदेशातील मुलाने आणलेल्या ग्रिलची जोडणी आपल्या टाकीला सहसा जुळत नाही. तिथे तात्पुरती जोडजमव न करता जाणकाराकडून योग्य रेग्युलेटर बसवून घ्यावा.

नळी जोडल्यावर शेगडीची बटणे बंद ठेवून टाकी सुरू करावी आणि जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले, तर गळती आहे. काडी पेटवून गळती कदापि तपासू नये. शेगडीला झाकण असल्यास ते उघडूनच ज्योत पेटवावी. ती न पेटल्यास सर्व बंद करून पाच मिनिटे थांबावे. स्वयंपाक आटोपल्यावर आधी टाकी बंद करावी, मग बटणे.

न दिसणारा धोका

थंड वारा सुटला की ‘शेगडी आत घेऊ या’ असे कोणीतरी म्हणतेच. ग्रिलची शेगडी किंवा विझत आलेले निखारे तंबूत वा गाडीत नेणे प्राणघातक ठरू शकते. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे वृद्धांमध्ये ‘प्रवासाचा शीण’ समजून दुर्लक्षिली जातात. अशा वेळी व्यक्तीला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

ताटाचा विचार

ग्रिलवरचे जेवण वेळेवर तयार होतेच असे नाही. मधुमेही व्यक्तीने पदार्थ शिजत असतानाच जेवणाआधीचे इन्सुलिन घेतले आणि ताट लांबले, तर साखर धोकादायक पातळीला उतरते. म्हणून घरचा डबा सोबत असावा आणि इन्सुलिनची वेळ ताटाशी जुळवावी. मासळी शिजवेपर्यंत बर्फात ठेवावी, करपलेला भाग काढून टाकावा व कवळी वापरणाऱ्यांना काटे वेचून द्यावेत.

आम्ही या हिवाळ्यात पुन्हा माहीमला जाणार आहोत. आईला वास येत नाही, पण नजर शाबूत आहे. ज्योत जळते आहे की नाही हे दुरून पाहण्याचे काम तिने स्वतःहून मागून घेतले आहे. खुर्ची कुठे ठेवायची, हेही तीच सांगणार आहे.