भात खाचरातील ट्रॅक्टरची निगा

मुळशी तालुका हा पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील भाताचा पट्टा आहे. ताम्हिणीच्या बाजूला पाऊस धो धो कोसळतो, तर पौड, पिरंगुटकडे येता येता तो कमी होत जातो. परंतु भाताची लावणी दोन्हीकडे चिखलणी करूनच होते. महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील केंद्राने दिलेला इंद्रायणी वाण या भागातील शेतकऱ्यांच्या चांगला परिचयाचा आहे. पूर्वी चिखलणी बैलांवर होत असे. आता हिंजवडी, पिरंगुट परिसरातील कारखाने आणि कचेऱ्यांमुळे शेतकामाला माणूस मिळणे अवघड झाले आहे व दावणीच्या बैलजोड्याही कमी झाल्या आहेत. त्यामुळे लहान खाचरात पॉवर टिलर आणि मोठ्या खाचरात ट्रॅक्टर, अशी चिखलणीची पद्धत रुळली आहे.

शेतकरी बंधूंनो, चिखलणीचे काम थोड्याच दिवसांचे असते. पण ट्रॅक्टरची जितकी झीज या दिवसांत होते तितकी कोरड्या नांगरटीत होत नाही. चिखलणीत यंत्र जास्त पळते म्हणून ही झीज होते असे नाही. पाणी आणि बारीक गाळ बेअरिंगमध्ये, ब्रेकमध्ये व गिअरच्या तेलात शिरतो, हे तिचे खरे कारण आहे. हे टाळणे आपल्या हाती आहे.

पाणी आत कसे शिरते?

काम करताना मागचा आस, गिअरची पेटी आणि चाकांचे हब गरम होतात. त्यांच्या आतील हवाही तापून प्रसरण पावते. असा गरम ट्रॅक्टर जेवणाच्या सुटीत खाचरातच उभा केला की थंड पाण्याने आतील हवा आकुंचन पावते. मग ती बाहेरून काही तरी ओढून घेऊ पाहते आणि ऑइल सील थोडे जरी झिजलेले असले तरी तेथून गढूळ पाणी आत ओढले जाते. गिअरच्या पेटीवरील हवा खेळण्याचे छिद्र, म्हणजे ब्रीदर, चिखलाने बुजलेले असेल तर हा ओढा अधिकच वाढतो.

म्हणून पहिला नियम असा की, जेवणासाठी, डिझेल भरण्यासाठी किंवा रात्रीसाठी ट्रॅक्टर खाचरात उभा करू नये. तो बांधाबाहेर, कठीण जमिनीवर काढावा. गरम ट्रॅक्टरवर लगेच थंड पाणीही मारू नये.

खाचरात उतरण्यापूर्वी

रोहिणी नक्षत्रात, पाऊस सुरू होण्याआधी, पुढील कामे उरकून घ्यावीत.

1. मागच्या आसाची व पुढच्या हबची सील तपासावीत. चाकाच्या आतल्या बाजूस तेलाचे ओघळ दिसले तर सील गेले असे समजावे व ते बदलावे. सीलची किंमत बेअरिंगच्या मानाने फारच कमी असते.
2. ब्रीदर साफ करावा.
3. काही ट्रॅक्टरांत क्लच हाऊसिंगच्या तळाला छिद्र असते व त्यात खिटी लोंबत असते. चिखलणीपूर्वी या छिद्राला बूच बसवावे. काम संपल्यावर ते आठवणीने काढावे, नाही तर आत झिरपलेले तेल बाहेर न पडता क्लच प्लेटवर जाते व क्लच घसरू लागतो. आपल्या ट्रॅक्टरला अशी सोय आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे.
4. पंख्याचा पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबून पाहावा. तो साधारण 12 ते 15 मिलिमीटर दबला पाहिजे.
5. रोटाव्हेटरच्या पात्यांचे सर्व नटबोल्ट पान्याने आवळावेत. गिअरपेटीतील व बाजूच्या पेटीतील तेलाची पातळी पाहावी.
6. हवेची गाळणी तेलाची असेल तर तेल खुणेपर्यंत भरावे. कागदी गाळणी असेल तर ती आपटू नये व धुऊ नये. आतून बाहेर कमी दाबाची हवा मारून साफ करावी.

चिखलात काम करताना

रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी इंजिन तेल व रेडिएटरमधील पाणी पाहावे. डिझेलच्या गाळणीखाली साचलेले पाणी सोडावे. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी; रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ते डिझेलबरोबर पंपाकडे जाते.

कोरड्या कामात ग्रीस काही दिवसांच्या अंतराने दिले तरी चालते. चिखलात मात्र पुढचा आस, मधली पिन, किंगपिन आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना दररोज ग्रीस द्यावे. जुने काळे ग्रीस व गाळ बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत ग्रीस गन मारावी. हे काम संध्याकाळी केलेले अधिक चांगले, कारण गाळ रात्रभर आत राहत नाही. निपल पुसल्याशिवाय गन लावू नये. तसे केल्यास निपलवरचा गाळ आपणच आत ढकलतो.

रोटाव्हेटरच्या दोन्ही टोकांना पेंढा व गवत गुंडाळले जाते आणि त्याखाली सील कापले जाते. ते दिवसातून दोन-तीन वेळा विळ्याने कापून काढावे. त्यापूर्वी इंजिन बंद करून चावी खिशात ठेवावी आणि रोटाव्हेटर खाली टेकवावा. केवळ हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली हात किंवा पाय घालू नये.

पी.टी.ओ. शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. पावसात अंगावर घेतलेला प्लॅस्टिकचा कागद, उपरणे किंवा रेनकोटची दोरी त्यात अडकली तर माणसाला सावरायला वेळ मिळत नाही. शाफ्टवरील आवरण तुटले असल्यास नवीन बसवूनच काम सुरू करावे. मडगार्डवर दुसऱ्या माणसाला, विशेषतः मुलांना, बसवू नये.

ट्रॅक्टर रुतला तर

ट्रॅक्टर रुतला की मागच्या चाकांना लाकडी ओंडका बांधून तो बाहेर काढण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ही सवय जिवावर बेतणारी आहे. ओंडक्यामुळे चाक फिरायचे थांबते, पण इंजिनाची ताकद चालूच असते. चाक फिरू शकत नाही तेव्हा ती ताकद ट्रॅक्टरचा पुढचा भाग वर उचलते. ट्रॅक्टर मागे उलटायला एखादा सेकंद पुरतो आणि चालक खाली सापडतो.

रुतल्यावर जोराने एक्सलरेटर दाबू नये. त्याने चाक आणखी खोल जाते. पी.टी.ओ. बंद करावा, रोटाव्हेटर उचलावा आणि ज्या वाटेने आत आलो त्या वाटेने, मागच्या खालच्या गिअरमध्ये, सावकाश बाहेर येण्याचा प्रयत्न करावा. ते जमले नाही तर अवजार सोडवावे, चाकांपुढील चिखल फावड्याने काढावा व तेथे फांद्या किंवा फळ्या टाकाव्यात. तरीही निघाला नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरने साखळीने ओढावे. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावावी. वरच्या टॉप लिंकच्या जागी लावल्यास तो ट्रॅक्टरही उलटू शकतो. साखळी ताणली असताना तिच्याजवळ कोणी उभे राहू नये.

बांध आणि रस्ता

मुळशीतील खाचरे उतारावर पायरीपायरीने आहेत. एका खाचरातून दुसऱ्यात जाताना सरळ बांधावर ट्रॅक्टर चढवू नये. कोपऱ्यात बांध फोडून उतरण करावी आणि काम झाल्यावर तो बांध चिखल लिंपून पुन्हा बांधावा. चढ तीव्र असेल तर ट्रॅक्टर उलटा, म्हणजे मागे घेत, चढवावा. त्यामुळे पुढचा भाग उचलला जात नाही. पावसाने भिजलेल्या बांधाच्या कडेला चाक नेऊ नये. ट्रॅक्टरला संरक्षक चौकट असल्यास आसनाचा पट्टा बांधावा. चौकट नसल्यास पट्टा बांधू नये.

पुणे-ताम्हिणी-माणगाव रस्त्यावर पावसाळ्यात पर्यटकांच्या गाड्यांची मोठी वर्दळ असते. खाचरातून रस्त्यावर येण्यापूर्वी लोखंडी चाके काढावीत. दोन्ही ब्रेकचे पेडल खिटीने एकत्र जोडावेत, कारण वेगात एकाच चाकाला ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर फिरून उलटतो. ब्रेक ओले असल्याने सुरुवातीला हळू चालवत दोन-चार वेळा दाबून पाहावेत. मागे लाल परावर्तक पट्टी व चालू दिवा असावा. चाकांचा चिखल रस्त्यावर पडून दुचाकीस्वार घसरतात, म्हणून तो शेतातच झाडून टाकावा.

चिखलणी संपल्यावर

शेवटचे खाचर झाले की ट्रॅक्टर छपरात लावून लावणीच्या गडबडीत विसरून जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. आत शिरलेले पाणी मात्र तेव्हापासूनच आपले काम करू लागते. बेअरिंग गंजते आणि सुगीत, ऐन घाईत, त्याचा आवाज येऊ लागतो. यासाठी चिखलणीनंतरचे दोन दिवस ट्रॅक्टरला द्यावेत.

पहिल्या दिवशी ट्रॅक्टर पूर्ण थंड होऊ द्यावा व धुवावा. पाण्याचा जोराचा फवारा सील, रेडिएटरच्या जाळ्या, डायनॅमो व सेल्फवर मारू नये. नव्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या ट्रॅक्टरवर तारांचे जोडही कोरडे ठेवावेत. ट्रॅक्टर ओढ्यात किंवा नदीत नेऊन धुऊ नये. तेच पाणी खालच्या गावात पिण्याला जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, गिअरपेटीचे खालचे बूच थोडे सैल करावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने रात्रभरात तळाशी बसते व आधी बाहेर येते. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर ते पूर्ण बदलावे व पाणी कोठून शिरले ते शोधावे. इंजिनचे तेल पांढरट दिसले तर इंजिन मुळीच सुरू करू नये, मेकॅनिकला बोलवावे. पुढची हब उघडून बेअरिंग डिझेलमध्ये धुवावे, वाळवावे आणि नवीन ग्रीस भरावे. रोटाव्हेटरचे तेलही असेच तपासावे. काढलेले जळके तेल बांधावर ओतू नये, डब्यात साठवावे.

पावसाळ्यात उभा ठेवताना

मुळशीच्या दमट हवेत उभा ट्रॅक्टरही खराब होतो. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालावा. तेथून पावसाचे पाणी इंजिनात उतरते. प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळून ठेवू नये, आतील दमटपणाने गंज चढतो. क्लचचे पेडल दाबून लाकडाच्या तुकड्याने अडकवून ठेवावे, म्हणजे प्लेट चिकटत नाही. सुरू करताना हा तुकडा काढावा व गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करावी. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावावी व पाण्याची पातळी पाहावी. अधूनमधून इंजिन सुरू करून ते चांगले गरम होईपर्यंत चालू द्यावे. उंदीर तारा कुरतडतात, म्हणून जवळ पेंढा रचू नये.

नवीन ट्रॅक्टर घेताना

मध्य प्रदेशातील बुदनी येथे 1955 पासून केंद्र सरकारची कृषि यंत्रांची चाचणी व प्रशिक्षण संस्था आहे. तेथील चाचणीत ट्रॅक्टर चिखलातही चालवतात व आत पाणी किंवा गाळ शिरला का, हे पाहतात. भातवाल्या शेतकऱ्याने विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा व केवळ अश्वशक्ती न पाहता चिखलातील चाचणीचे पान वाचावे.

शेवटी, प्रत्येक ट्रॅक्टरसोबत एक वही ठेवावी. तासमापकाचा आकडा, तेल बदलल्याची तारीख, बदललेले सुटे भाग आणि भाड्याने केलेले काम त्यात लिहावे. शेजाऱ्याच्या खाचरात चिखलणी करून मिळालेले भाडे हा सगळाच नफा नसतो; त्यातील काही भाग सील, बेअरिंग व तेलाचा असतो. हा हिशेब वहीत दिसला म्हणजे भाडे किती घ्यावे हेही कळते आणि देखभालीसाठी पैसे बाजूला पडतात.