शिवारखुणा (6) : शाप कोणासाठी कोरला?

थेरगावात आज फ्लॅट घेणाऱ्याच्या खरेदीखतात ‘मौजे थेरगाव’ लिहिलेले असते आणि खाली मिळकतीच्या चतुःसीमा. पिंपरी-चिंचवड महापालिका 1982 साली झाली, शिवारावर इमारती चढल्या, डांगे चौकातून वाकडकडे निघाले की कोणते गाव कुठे संपले हे नजरेने कळत नाही; तरी कागदावरचे मौजे हटलेले नाही. पवनेच्या अंगाला नदीच शीव राखते. प्रश्न उरतो तो माणसाने आखलेल्या बाजूंचा. मोजणीची साखळी आणि सर्वे नंबर येण्याआधी ती रेघ लोक मानत कशाच्या बळावर?

त्याचे उत्तर शिलाहार-यादव काळातल्या गद्धेगाळांत सापडते, असे माझे मत आहे. उभ्या शिळेवर वर चंद्र-सूर्य, मधे लेख, तळाशी गाढव आणि स्त्री. दान चंद्र-सूर्य असेतो चालावे. जो मोडील त्याच्या आईवर गाढव, असा अर्थ. (गुन्हा एकाचा आणि विटंबना त्याच्या आईची, हा हिशेब त्या काळालाच शोभतो.) याला अडाणी शिवीगाळ म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण मुंबईत परळला मिळालेला शिलाहार राजा अपरादित्याचा शके 1108चा, म्हणजे इ.स. 1187चा लेख बारकाईने पाहावा. दानाचा तपशील संस्कृतात आहे, धमकीपाशी येताच भाषा मराठी होते, आणि अक्षरशत्रूसाठी खाली चित्र आहेच. एकच हुकूम तीन प्रकारच्या लोकांना तीन तऱ्हांनी बजावलेला. हे अंधश्रद्धेचे काम नव्हे, पक्क्या कारकुनाचे आहे. राजाचा माणूस दर गावी उभा राहू शकत नव्हता, म्हणून जरब दगडातच भरून ठेवली.

यावर जाणकार म्हणतील की गद्धेगाळ हा दानाचा दगड, शिवेचा नव्हे. परळचे दान तर जमिनीचेही नाही, उत्पन्नातल्या रकमेचे आहे. आक्षेप खरा आहे आणि प्रत्येक गद्धेगाळाला सीमाशिळा म्हणण्याची घाई मीही करणार नाही. पण जमीन दान द्यायची तर तिच्या चारी हद्दी सांगाव्या लागतात. ताम्रपटांत त्या ‘आघाट’ म्हणून येतात. हद्दीवाचून दान हवेत राहते, आणि शाप हद्द सरकवणाऱ्यालाही लागू होतोच. इंग्लंडात डार्टमूरच्या माळावरचा सिवर्ड क्रूस असाच दुहेरी : धर्माचे चिन्ह, आणि 1240च्या शिवफेरीत राजाच्या वनाची नोंदलेली खूण.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा : शापाला लोक भीत असते तर शिवेचे तंटे झालेच नसते. झाले, भरपूर झाले. तेव्हा गोतसभा बसे, महार वतनदाराची साक्ष मोलाची ठरे, डोक्यावर माती घेऊन शीव चालण्याचे दिव्यही होई. म्हणजे दगड एकटा पुरत नव्हता. त्याची जागा जाणणारी माणसे लागत. 1966च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही हद्दीच्या खुणांना स्वतंत्र प्रकरण आहे आणि खूण मोडणाऱ्याला दंड. शाप गेला, दंड आला. राखणदार मात्र दोन्हीकडे लागतोच.

म्हणूनच अशी शिळा देवळाच्या आवारात आणून शेंदूर फासला की लेख वाचतो, शिवेचा पुरावा जातो. रस्तारुंदीकरणात एखादी निघालीच, तर उचलण्याआधी सर्वे नंबर आणि तोंडाची दिशा टिपून घ्यावी.

(पुढील भागात : वीरगळ)