साबळेचा विक्रम आणि एक भागिले अडतीस

तीन हजार मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे आणि पाण्यावरून ७ उड्या. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये ही शर्यत ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांत पूर्ण केली आणि तो राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षं टिकला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला बीडच्या अविनाश साबळेने तो मोडला, तोही अवघ्या १.०८ सेकंदांनी. एवढासा फरक नशिबानेही पडू शकतो.

तसं असेल तर काय दिसायला हवं? समजा, धावपटूंचा दर्जा वर्षानुवर्षं तोच आहे आणि दरवर्षीची सर्वोत्तम वेळ केवळ योगायोगाने कमी-जास्त होते. १९८१ हे पहिलं वर्ष धरलं तर २०१८ हे अडतिसावं. या ३८ वेळांतली सर्वांत कमी वेळ कोणत्याही वर्षाच्या वाट्याला येऊ शकते, सगळ्यांना संधी सारखीच. ती नेमकी शेवटच्या वर्षी येण्याची शक्यता १/३८. पुढच्या वर्षी १/३९, मग १/४०. वेळा कशा विखुरल्या आहेत, हे ठाऊक नसलं तरी हा हिशेब बदलत नाही, आणि मला तो त्यासाठीच फार आवडतो. विक्रम वर्षानुवर्षं मोडला नाही की आपण लगेच खेळाडूंना नावं ठेवतो. ते अन्यायाचं आहे. दर्जा तिळभर न घसरताही विक्रम असेच दुर्मीळ होत जातात.

आता २०१८ ते २०२४ या सात वर्षांच्या अपूर्णांकांची बेरीज करा. ती भरते जेमतेम ०.१७. म्हणजे सातांपैकी एकही वर्ष विक्रमी न ठरणं हेच स्वाभाविक. प्रत्यक्षात २०१८, २०१९, २०२१, २०२२ आणि २०२४ ही पाच वर्षं विक्रमी ठरली. साबळेने एकूण दहा वेळा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. दहावा पॅरिसमध्ये, ८:०९.९१.

हा योगायोग नव्हे. काहीतरी मुळातून बदललं, एवढं आकडे ठामपणे सांगतात. काय बदललं, हे कळायला साबळेची लष्करातली क्रॉस कंट्री, अमरीश कुमार यांचं प्रशिक्षण आणि कोलोरॅडोच्या उंचीवरचा सराव यांच्याकडे वळावं लागतं.

२०२२ मध्ये विक्रम ६.९२ सेकंदांनी खाली आला, २०२४ मध्ये १.२९ सेकंदांनी. इथिओपियाच्या लामेचा गिर्माचा ७:५२.११ हा २०२३ मधला विश्वविक्रम त्याहून १७.८० सेकंद पुढे आहे. पण यापुढे माझी नजर राहील ती देशातल्या दुसऱ्या-तिसऱ्या धावपटूंच्या वेळांवर. एका असामान्य खेळाडूमुळे विक्रम पुढे सरकतो. त्याच्या मागचेही वेगाने धावू लागले, तरच देशाचा दर्जा वाढला असं म्हणता येईल.