गोळीचा गुण मोजणारा तराजू

आजकाल अनेक घरांत शुगरच्या गोळ्यांचा डबा असतो. अब्बांना मेटफॉर्मिन, तर अम्मीला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी. मेडिकलवाला म्हणतो, "कंपनी दुसरी आहे, पण औषध तेच, शिवाय स्वस्त." मग घरात वाद सुरू होतो, घ्यावी की नको? हा वाद अंदाजाने मिटत नाही. औषध रक्तात मोजूनच तो मिटवावा लागतो.

नवी गोळी मूळ गोळीसारखीच आहे का, हे पाहण्यासाठी स्वयंसेवकांना त्यांच्या लेखी संमतीने दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी देतात. ठरावीक तासांनी रक्त घेतात. त्यातील पेशी वेगळ्या केल्या की पिवळसर प्लाझ्मा उरतो. त्यात औषध किती उतरले ते मोजतात. सर्वोच्च पातळी आणि एकूण पोहोचलेले औषध, या दोन्हींची मूळ गोळीशी तुलना ८० ते १२५ टक्क्यांच्या ठरलेल्या मर्यादेत बसली, तरच नवी गोळी समतुल्य ठरते.

पण मोजणारा तराजूच खोटा असेल तर? किराणा दुकानाच्या काट्यावर सरकारी शिक्का लागतो, तशीच प्रयोगशाळेच्या पद्धतीचीही आधी परीक्षा होते. तिला 'व्हॅलिडेशन' म्हणतात. यासाठी २०२२ साली 'आयसीएच एम१०' हा आंतरराष्ट्रीय दंडक ठरला.

ही परीक्षा कडक असते. किमान सहा वेगवेगळ्या व्यक्तींच्या, औषध नसलेल्या प्लाझ्मात यंत्र 'औषध आहे' असे खोटे सांगत नाही ना, हे पाहतात. मग ठाऊक असलेले प्रमाण मिसळून मोजतात. उत्तरात १५ टक्क्यांहून अधिक फरक चालत नाही. अगदी खालच्या पातळीला २० टक्क्यांची सूट असते. नमुना गोठवून, वितळवून, असे किमान तीनदा करूनही औषध टिकते का, हेही तपासतात. चरबी जास्त असलेला किंवा पेशी फुटून लालसर झालेला प्लाझ्माही वापरून पाहतात, कारण प्रत्येकाचे रक्त सारखे नसते.

जोडगोळीची परीक्षा आणखी अवघड. ५०० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन घेतल्यावर एक मिलिलिटर प्लाझ्मात त्याची पातळी साधारण एक मायक्रोग्रॅमपर्यंत चढते. एक मिलिग्रॅम ग्लिमेपिराइडची पातळी मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे सुमारे १०० नॅनोग्रॅम. शिवाय पहिले पाण्यात सहज विरघळते, दुसरे जवळजवळ नाही. दोन्ही एकाच नमुन्यातून अचूक मोजायची!

या मोजमापांतूनच कळते की गोळी रक्तात कधी चढते आणि कधी उतरते. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या रुग्णाचा डोस आणि वेळ डॉक्टर बदलतात, त्यामागे हेच ज्ञान असते. ग्लिमेपिराइडने उपाशीपोटी साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. म्हणून सहरी-इफ्तारीचा हिशेब घरच्या घरी करू नये. रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटावे.

स्वस्त म्हणून औषध वाईट ठरत नाही आणि महाग म्हणून चांगले ठरत नाही, हे आपण ध्यानात ठेवू या. गोळी बदलताना डॉक्टरांना विचारावे, पक्के बिल घ्यावे, पाकिटावरचा बॅच नंबर जपावा आणि पुढचे काही दिवस साखर तपासून लिहून ठेवावी. प्रयोगशाळेने आपला तराजू तपासला आहे. घरातली नोंद ठेवणे आपल्या हाती आहे.