गोदामाचा रंगवलेला कोबा: इपॉक्सी लेपापूर्वीची तयारी आणि साठवणुकीतील किडी

जबलपूर–कटनी मार्गावरील सिहोरा हे गहू आणि धान पिकवणाऱ्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव. धानाची पोती हललेली आणि नवा गहू अजून यायचा, अशा फेब्रुवारी-मार्चमधील दिवसांत येथील गोदामांना थोडी उसंत मिळते. डागडुजीची कामे याच काळात उरकावी लागतात. जुन्या गोदामांत सिमेंटच्या कोब्यावर कधीकाळी दिलेला रंग पोत्यांच्या ओढाताणीने उखडलेला असतो आणि त्यावर इपॉक्सीचा लेप द्यावा, असा विचार पुढे येतो. विचार योग्य आहे. परंतु नवा लेप जुन्या रंगाला चिकटतो, कोब्याला नव्हे. जुना रंग सुटला की नवाही त्याच्यासकट सुटतो.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने ही बाब केवळ खर्चाची नाही. रंगाच्या पोपड्याखाली आणि तड्यांत धान्याचा भुगा साचतो. तांबडा भुंगेरा तेथे पिढ्यान् पिढ्या वाढतो. खपरा भुंगेऱ्याची अळी तर अन्न संपले की भेगेत शिरून सुप्तावस्थेत जाते आणि त्या स्थितीत काही वर्षेही तग धरते. सुप्त अळीची श्वसनक्रिया मंद असल्याने धुरीकरणाचा वायूही तिच्यावर कमी परिणाम करतो. रिकाम्या दिसणाऱ्या गोदामात भरलेला निर्मळ गहू दोन महिन्यांत किडतो, तेव्हा दोष बहुधा बारदानाला दिला जातो. कोबा कोणी तपासत नाही.

म्हणून कामाचा आरंभ झाडणीने व्हावा. भिंतीलगतच्या आणि तड्यांतील भुगा निर्वात झाडणी यंत्राने ओढून घ्यावा व गोदामापासून दूर नेऊन जाळावा. त्यानंतर जुन्या रंगाची पकड पाहावी. धारदार पात्याने कोब्यापर्यंत फुलीसारखी चीर द्यावी, तीवर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर रंग निघाला तर तो रंग ठेवण्याजोगा नाही. हीच चाचणी दारापाशी, मधल्या वाटेवर आणि थप्पीच्या जागी वेगवेगळी घ्यावी, कारण थप्पीखालचा रंग अनेकदा चांगला असतो आणि त्यावरून संपूर्ण जमिनीचा चुकीचा अंदाज बांधला जातो. सर्वत्र घट्ट असलेला रंग केवळ खरवडून, चकाकी घालवून ठेवता येतो. धान्याच्या गोदामात मात्र तो मुळापासून काढणेच श्रेयस्कर.

येथे एक प्रचलित चूक नोंदवली पाहिजे. कारागीर स्वस्तात काम व्हावे म्हणून कोबा आम्लाने धुण्याचा सल्ला देतात. आम्लाची क्रिया सिमेंटमधील चुन्यावर होते; रंगाने झाकलेल्या कोब्यापर्यंत ते पोहोचतच नाही आणि जेथे पोहोचते तेथे नीट न धुतल्यास क्षार मागे ठेवते. रंग काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे हिऱ्याच्या चकतीचे घासणी यंत्र. तेल-वंगणाचे डाग मात्र घासण्याआधी डिटर्जंटने काढावेत, अन्यथा घर्षणाने ते कोब्यात अधिक खोल जिरतात. घासलेला पृष्ठभाग बारीक सँडपेपरसारखा खरखरीत लागला पाहिजे. त्यावर पाण्याचे थेंब टाकावेत; थेंब जिरले तर जमीन तयार आहे, मोत्यासारखे उभे राहिले तर रंग किंवा तेल अजून शिल्लक आहे.

घासणीतून उडणाऱ्या धुळीत सिलिका असते व ती फुप्फुसांना कायमची इजा करते. शिवाय घरगुती व सजावटी रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे अधिक असू शकते. यंत्राला धूळ ओढणारी जोडणी हवी, कामगाराच्या तोंडावर साधे फडके नव्हे तर धूळरोधक मुखपट्टी हवी आणि शेजारच्या खणात धान्य असताना हे काम करू नये. जमा झालेली भुकटी शेतात वा उकिरड्यावर टाकणे तर सर्वथा वर्ज्य.

ओलाव्याचा प्रश्न या भागात विशेष बिकट आहे. जबलपूर परिसरातील भारी काळ्या जमिनीत हवेली पद्धत रूढ होती: पावसाळाभर बांध घालून शेतात पाणी कोंडायचे, पावसाळा सरता ते सोडून गहू-हरभरा पेरायचा. अशी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते; कोबा तडकतो आणि त्याखालून वाफ वर येत राहते. रंग काढलेल्या जागी दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटवून किमान १६ तास ठेवावे. खाली दव धरले किंवा कोबा काळवंडला तर लेप थांबवावा. फेब्रुवारीतील कोरडे प्लॅस्टिक फसवेही असते. शक्य असल्यास आदल्या सप्टेंबरात एका कोपऱ्यात ही चाचणी करून ठेवावी. गोंदिया-भंडाऱ्याच्या धान पट्ट्यातील गोदामधारकांनाही हे तितकेच लागू आहे.

तडे वरवर लिंपू नयेत. चकतीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून, धूळ ओढून, इपॉक्सी पुट्टीने ते भरावेत. कोब्यात मुद्दाम सोडलेले सांधे मात्र कडक पुट्टीने बुजवल्यास पुन्हा फाटतात; त्यांत लवचीक पॉलीयुरेथेन भरण वापरावे. नव्या सिमेंटने केलेल्या दुरुस्तीला २८ दिवस द्यावे लागतात, तेव्हा ती जानेवारीतच व्हावी. प्रायमर व लेपाचे दोन घटक उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच आणि थोडे थोडे कालवावेत, कारण उष्णता वाढली की मिश्रण बादलीतच घट्ट होते. कोबा व भिंत यांच्या कोनात लेप गोलाई देऊन चार इंच वर चढवावा. किडींचा आवडता आसरा तोच.

लेप पूर्ण पक्का होण्यास साधारण सात दिवस लागतात. त्यानंतरच रिकाम्या गोदामात मॅलेथिऑन ५० टक्के प्रवाहीची, एका भागास शंभर भाग पाणी या प्रमाणात, शंभर चौरस मीटरला तीन लिटर द्रावण पुरेल अशी फवारणी करावी. उघड्या सिमेंटच्या क्षारतेने मॅलेथिऑन लवकर विघटित होते. लेपावर ते अधिक काळ टिकते. पोत्यांखालच्या लाकडी चौकटी लेपानंतरही तशाच राहाव्यात आणि पहिल्या पावसानंतर विजेरी घेऊन भिंतीलगतची गोलाई एकदा हाताने चाचपून पाहावी.