घर नातवासाठी, पाहावे आजीने

दहावीचा निकाल लागला की अहमदपुरातल्या कितीतरी घरांत एकच विषय निघतो : मुलाला लातूरला ठेवायचे की नांदेडला? आमचे गाव या दोन शहरांच्या साधारण मध्यावर. एकीकडे राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांमुळे नावारूपाला आलेला ‘लातूर पॅटर्न’, तर दुसरीकडे नांदेडचे शिकवणी वर्ग. मेसचे जेवण मुलाला मानवत नाही. आई नोकरीत किंवा शेतीत अडकलेली असते. मग ठरते, दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घ्यायचा आणि सोबतीला आजीला पाठवायचे. पुण्या-मुंबईच्या मानाने येथील भाडे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात असते, त्यामुळे ही व्यवस्था अनेकांना परवडते.

आजी तयारच असते. नातवासाठी तिने आजवर कशाला नाही म्हटलेले नसते, आणि नेमकी तिथेच चूक होते. घर पाहायला मुलाचे वडील जातात. शिकवणी वर्ग किती जवळ, भाडे किती, अनामत किती, अभ्यासाला खोली स्वतंत्र आहे का, एवढे विचारून चार दिवसांत घर ठरते. त्या घरात दिवसाचे वीस तास जी व्यक्ती राहणार असते, ती घर पहिल्यांदा पाहते ते सामानाचा टेम्पो दाराशी लागल्यावर.

आमच्या घरीही असेच झाले. पुतण्याला लातूरला प्रवेश मिळाला. भावाने आणि मी मिळून दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. हवेशीर, स्वच्छ, वर्गापासून पाच मिनिटांवर. एकोणसत्तर वर्षांची आमची आई आनंदाने गेली. पहिले तीन महिने फोनवर एकच उत्तर येई, ‘‘सगळं बरं हाय, तुमी काळजी करू नका.’’ चौथ्या महिन्यात तिला थंडी वाजून ताप आला आणि चक्कर येऊन ती स्वयंपाकघरात बसली. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. डॉक्टरांनी विचारले, ‘‘आजी, दिवसभरात पाणी किती पिता?’’ तेव्हा ती बोलली. शौचालय भारतीय पद्धतीचे, दोन पायऱ्या चढून जायचे, धरायला काही नाही आणि दिव्याचे बटण बाहेरच्या भिंतीवर. रात्री अंधारात पडण्याची भीती वाटे, म्हणून ती दुपारी चारनंतर पाणीच पीत नव्हती. ‘‘पोराचा अभ्यास हाय, कशाला सांगायचं?’’ एवढेच तिचे म्हणणे.

भाड्याचे घर दोन वर्षांचे असते. पण उतारवयात मोडलेले खुब्याचे हाड किंवा बिघडलेले मूत्रपिंड दोन वर्षांनी जसेच्या तसे परत मिळत नाही. म्हणून हे घर कुणाच्या गुडघ्यांना, डोळ्यांना आणि झोपेला मानवले पाहिजे, याचा विचार भाड्याआधी व्हायला हवा.

जिना आणि न्हाणीघर

तळमजला मिळत असेल तर तोच पाहावा, मग भाडे थोडे अधिक पडले तरी चालेल. वरच्या मजल्यावरची आजी जिन्याच्या धाकाने हळूहळू खाली उतरणेच सोडते. फिरणे थांबते, ऊन अंगाला लागत नाही, स्नायू अशक्त होतात आणि तोल जाण्याची शक्यता वाढते. लिफ्ट असेल तर वीज गेल्यावर ती चालते का, हे विचारावे. पाहायला जाताना जिन्याचा कठडा अखंड आहे का, पायऱ्यांची उंची सारखी आहे का आणि रात्री तिथे दिवा असतो का, हे नजरेखालून घालावे.

गच्चीलगतच्या मजल्याबाबत आणखी एक गोष्ट. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. माळवदाच्या गारव्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही उष्णता सोसत नाही. वृद्धांना तहानही कमी जाणवते, त्यामुळे शरीरातील पाणी कमी झाल्याचे लवकर ध्यानात येत नाही.

वरच्या मजल्याची भीती वाटणारेही अनेक वृद्ध आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप ज्यांनी अनुभवला, त्यांच्या मनातली ती भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. विचारल्याशिवाय ती बोलून दाखवली जात नाही, इतकेच.

वृद्धांच्या पडण्याला न्हाणीघर आणि शौचालय अनेकदा कारण ठरतात. उंबरठा किती उंच आहे, फरशी गुळगुळीत आहे का, बटण हाताशी आहे का, बिछान्यापासून तिथपर्यंतची वाट मोकळी आहे का, हे पाहावे. कमोड नसल्यास भारतीय शौचालयावर ठेवता येणारी कमोड खुर्ची मिळते. तिचे पाय घट्ट बसतात का, हे मात्र तपासावे. भिंतीला आधाराचा दांडा, खाली रबरी चटई आणि रात्रभर जळणारा लहान दिवा यांचा खर्च पडल्यानंतरच्या दवाखान्यापुढे काहीच नाही.

पाण्याचा प्रश्न

लातूर शहराला धनेगावच्या मांजरा धरणातून पाणी मिळते. २०१६ च्या दुष्काळात हे धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ते दिवस सरले, पण भाडेकरूने विचारायचे प्रश्न कायम आहेत. नळाला किती दिवसांआड आणि किती वाजता पाणी येते? ते वरच्या टाकीत चढते की खालून भरून आणावे लागते? उन्हाळ्यात बोअर चालते का, आणि टँकरचे पैसे कोण देतो?

‘‘पाणी भरपूर आहे,’’ या उत्तरावर थांबू नये. पहाटे पाणी सुटणार आणि ते बादल्यांनी भरायचे असेल, तर त्या बादल्या कोण उचलणार, हे त्याच वेळी ठरवावे. नातू झोपलेला असतो. उचलते ती आजी. साठवलेले पाणी झाकून ठेवावे आणि आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करावीत, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो.

ताट कुणाच्या वेळेने?

नातवाचा दिवस पहाटे सुरू होतो आणि शेवटचा वर्ग सुटेपर्यंत रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजतात. आजीची जेवणाची आणि झोपेची वेळ त्यालाच बांधली जाते. ‘‘लेकरू उपाशी असताना मी कशी जेवू?’’ ही माया आपण समजू शकतो. तथापि मधुमेह असलेल्या आजीसाठी ती घातक ठरू शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतल्यावर जेवण लांबले, तर रक्तातील साखर फार खाली जाते. दरदरून घाम, हातापायांची थरथर, बोलण्यातला गोंधळ ही त्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ वर फोन करावा. हे नातवालाही शिकवून ठेवावे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा एवढी जबाबदारी घेऊ शकतो.

रात्री आठ वाजता आजीने जेवायचे आणि नातवाचे ताट झाकून ठेवायचे, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा. तो मुलाने, म्हणजे नातवाच्या वडिलांनी, घालावा. आजी स्वतःहून घालणार नाही.

कागद पक्का हवा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणीतून सूट मिळत नाही. तोंडी बोलीवर राहिल्यास वर्षाच्या मधोमध ‘घर रिकामे करा’ म्हटले जाते, आणि घर बदलण्याची धावपळ वृद्ध शरीराला सर्वांत जड जाते. त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार, परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेता येते. म्हणून परीक्षेची तारीख पाहूनच मुदत ठरवावी.

करार शक्यतो मुलाच्या नावे करावा आणि राहणाऱ्यांत आजीचे नाव स्पष्ट लिहावे. नोंदणीच्या वेळी बोटांचे ठसे लागतात आणि कष्ट केलेल्या हातांचे ठसे उतारवयात पुसट झालेले असतात. यंत्रावर ते अनेकदा उमटत नाहीत. न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवण्याची परवानगी करारातच लिहून घ्यावी, म्हणजे दोन भोकांवरून अनामत अडत नाही.

आजोबांचे काय?

आजी लातूरला गेली की आजोबा गावी एकटे उरतात. चाळीस-पन्नास वर्षांचा संसार उतारवयात असा दोन गावांत विभागला जातो. त्यांच्या गोळ्या, त्यांचे पथ्य, दोन वेळचा चहा हे सारे तीच पाहत असते. शक्य असेल तर दोघांनी एकत्र जावे. ते जमत नसेल तर महिन्यातील एक आठवडा सुनेने किंवा मुलाने लातूरला राहावे आणि आजीने अहमदपूरला यावे. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे.

शहरात आजीला स्वतःची माणसेही हवीत. चालत जाता येईल असे देऊळ, बाग किंवा भजनी मंडळ जवळ आहे का, हे घर ठरवतानाच पाहावे. शिकवण्यांच्या भागात अशा अनेक आज्या राहतात. एकमेकींची ओळख झाली की त्यांची दुपार सुसह्य होते, आणि एखाद्या दिवशी कुणी दिसली नाही तर दार वाजवणारे कुणीतरी असते.

घर पाहायला जाताना

• ज्येष्ठ व्यक्तीला सोबत न्यावे; तिला जिना स्वतः चढू-उतरू द्यावा.
• शौचालयात बसून उठता येते का, ते तिनेच पाहावे.
• एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर जावे.
• पाण्याची वेळ शेजाऱ्यांना विचारावी.
• भाड्यात देखभाल खर्च, टँकर आणि पिण्याच्या पाण्याचे जार मिळवून मगच दोन घरांची तुलना करावी.
• जवळचा दवाखाना, औषधांचे दुकान आणि घरमालकाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा.
• जुन्या औषधांची फाइल सोबत द्यावी. गावाकडच्या डॉक्टरांची तपासणी चुकवू नये.

दुसऱ्या वर्षीचे घर

बारावीच्या वर्षी आम्ही घर बदलले. या वेळी आईला सोबत नेले. पहिली दोन घरे तिने बाहेरूनच नाकारली. तिसरे तळमजल्यावरचे, वर्गापासून जरा लांब होते. पुतण्या म्हणाला, ‘‘चालेल, मी सायकलने जाईन.’’ आई आत गेली. तिने शौचालयाचे दार उघडून पाहिले, दिवा लावला, विझवला, नळ सोडला. मग मागच्या दाराने अंगणात आली आणि घरमालकिणीला विचारले, ‘‘बाई, कपडे वाळू घालायची दोरी कुठं बांधू?’’

दोन घरे घेताना हा प्रश्न आम्हा दोघा भावांना एकदाही सुचला नव्हता. मालकिणीने लिंबाचे झाड दाखवले आणि आई म्हणाली, ‘‘हेच घर घ्या.’’